‘३०४’चा ठसा, आत पितळ आणि ५,४०० रुपये पाण्यात

चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ (खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरतात ते चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील), असं कोणी सांगितलं तर तिथेच फोन ठेवा. पितळेलाही चुंबक चिकटत नाही. स्वस्तातल्या २०२ स्टीललाही सहसा नाही. मला एका विक्रेत्याने चुंबक न चिकटण्याचाच व्हिडिओ दाखवून ५,४०० रुपये उकळले: चार बॉल व्हॉल्व्ह (तोट्या) ३,४००, आठ होज निपल (नळी जोडायचे तुकडे) १,७६०, भाडं २४०.

मी ऐरोलीत घरच्यापुरता कोंबुचा करते. आंबवलेला चहा तो, पीएच तीनच्या आसपास. पितळेत बरेचदा शिसं असतं, आंबटात ते उतरतं. आंबट पदार्थासाठी पितळेच्या भांड्याला कल्हई लागते हे घरात पाहिलेलं, म्हणूनच घासाघीस न करता ‘फूड ग्रेड’चा भाव दिला.

पार्सल उघडल्यावर एका निपलच्या आट्यांवर पिवळी कड दिसली होती. दिसली होती! लगेच फोटो पाठवून विचारलं. ‘मॅडम, मशीनचं तेल आहे, पुसून घ्या.’ पुसलं, जाईना. पण हातात जीएसटीचं बिल, व्हॉल्व्हवर ठसठशीत ३०४. अशा वेळी कोण करवत घेऊन बसतं? त्या बिलावर नुसतं ‘एसएस फिटिंग’ होतं, ग्रेड नव्हता. तुम्ही लिहून घ्या, नाही दिला तर माल परत.

कोंबुचाला धातूची चव आली तेव्हा रबाळे एमआयडीसीत निपल कापून घेतला. आत पिवळंधमक पितळ, वर मुलामा. व्हॉल्व्हच्या तपासणीला ६०० रुपये गेले: मँगनीज ९ टक्के, निकेल ४. खऱ्या ३०४ मध्ये निकेल किमान ८, मँगनीज फार तर २. चाळीस लिटर मोरीत ओतला.

तक्रारीला गेले तर चौकीत मलाच प्रश्न, ‘आंबवता म्हणजे दारू गाळता का?’ चहा हो, चहा! मग म्हणे दिवाणी मामला. दुसरीकडे म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली? ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रारच बंद केली. तो उत्तर देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले ना? पोटात जाणाऱ्या वस्तूवर खोटा ठसा मारणं हा गुन्हा नाही, तर गुन्हा कशाला म्हणायचं? त्याची जाहिरात अजून सुरू आहे.

मँगनीज तपासायचं केमिकल मिळतं. थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी लावा, लाल झाला की २०० सिरीज, म्हणजे २०२ सारखं स्वस्त स्टील. निपल आतून कानशीने घासून बघा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं. मी अर्ज करतेय. ठाणे-नवी मुंबईत कोणाला असाच व्हिडिओ आला असेल तर चॅट पुसू नका, मला कळवा.