‘युरी गागारिन’ जहाजाचा पुठ्ठ्याचा संच: घ्यावा, पण तबकड्या चिकटवू नयेत

औसा तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी मी दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील एका दुकानातून ‘कॉस्मोनॉट युरी गागारिन’ या सोव्हिएत जहाजाच्या प्रतिकृतीचा संच साडेआठशे रुपयांना आणला. आठवीच्या मुलांनी तीन आठवडे खपून तो पुरा केला. त्यांतील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे अंतराळयानांशी समुद्रावरून संपर्क ठेवणारे जहाज त्यांच्या हाती देणारी ही वस्तू कशी आहे, हे इतर शिक्षकांनाही कळावे असे वाटले.

पुठ्ठा जाड आहे, छपाई स्वच्छ आहे आणि कापायच्या रेषा ठळक आहेत. प्रमाण १:४०० असल्यामुळे २३१ मीटरचे मूळ जहाज सुमारे ५८ सेंटिमीटरचे होऊन टेबलावर नीट बसते. त्याच्यावरील दोन मोठ्या तबकड्या, म्हणजे यानांशी संपर्क ठेवणारे बशीच्या आकाराचे अँटेना, प्रत्यक्षात २५ मीटर व्यासाच्या होत्या आणि दोन लहान तबकड्या १२ मीटरच्या. मोठी तबकडी बारा पाकळ्या जोडून करावी लागते. त्या कामात मुलांची चिकाटी खरोखर दिसली. सूचना मात्र फक्त इंग्रजीत आहेत, आणि आमच्या संचातील एक पान मुडपलेले निघाले.

जहाजावर एवढ्या तबकड्या कशाला, हा मुलांचा पहिला प्रश्न होता आणि पुस्तिकेत त्याचे उत्तर एका ओळीत उरकले आहे. रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे यान जमिनीवरच्या एका केंद्राला एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे दिसते. सोव्हिएत संघाचा भूभाग अवाढव्य असला तरी दिवसातील कित्येक फेऱ्या त्यावरून जातच नसत, आणि त्या वेळी यानाशी बोलायचे तर केंद्रच समुद्रावर न्यावे लागे. त्यासाठी १९७१ मध्ये लेनिनग्राडला हे जहाज बांधले गेले. परंतु समुद्र स्थिर नसतो. जहाज लाटांवर डुलत असतानाही तबकडीचा रोख यानावरून ढळू नये, म्हणून ती तीन अक्षांवर फिरवून प्रत्येक हेलकाव्याची भरपाई करावी लागते. या जहाजाची सारी कर्तबगारी त्यातच होती, आणि संचात मात्र तबकडी खांबावर पक्की चिकटवायला सांगितले आहे. माझ्या मते हा त्यातील सर्वांत मोठा दोष आहे.

आम्ही टाचणी आणि बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा वापरून एक तबकडी हलती केली, प्रतिकृती परातीत ठेवली आणि परात शाळेच्या हौदात सोडली. एकाने परात हलवायची आणि दुसऱ्याने तबकडीचा रोख लिंबाच्या शेंड्यावर धरून ठेवायचा, असा खेळ ठरला. दहा सेकंदही रोख टिकेना, तेव्हा मी फळ्यावर काढलेल्या आकृत्यांपेक्षा कितीतरी अधिक मुलांना उमगले.

भारतीय मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत मंगळयानाचा उल्लेख नसणे मला खटकले. त्या उड्डाणात पीएसएलव्ही या रॉकेटचा चौथा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता. तिथून संदेश टिपण्यासाठी इस्रोने ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ ही शिपिंग कॉर्पोरेशनची दोन जहाजे अँटेना बसवून पाठवली होती. खराब हवामानामुळे ‘नालंदा’ला पोहोचायला उशीर झाला, म्हणून २८ ऑक्टोबर २०१३ चे उड्डाण ५ नोव्हेंबरला करावे लागले. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे रॉकेट तयार असून जहाजासाठी थांबलं होतं का?” तिच्या या प्रश्नानंतर वर्ग बराच वेळ त्याच विषयावर बोलत राहिला.

‘गागारिन’चा शेवटही पुस्तिकेत नाही. सोव्हिएत संघ संपल्यावर ते जहाज पोसणे परवडेना आणि १९९६ मध्ये ते शेजारच्या गुजरातेत, अलंगच्या किनाऱ्यावर, भंगारात निघाले.

एवढे असूनही मी दुसरा संच मागवला आहे. घेणाऱ्यांनी पाने दुकानातच उलगडून पाहावीत आणि तबकड्यांच्या खांबांना फेविकॉल लावण्याआधी टाचणीसाठी भोक पाडून घ्यावे.