अंजनेरीजवळच्या शिबिरातले एलईडी दिवे: सात महिन्यांनंतर
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा स्वयंसेवकांनी त्र्यंबक रोडवरच्या आमच्या शिबिराच्या जागेतले सगळे दिवे बदलले. चोकवाल्या १८ ट्यूब उतरवून २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, सीएफएलच्या जागी ९ वॅटचे बल्ब. मे महिन्यातली शिबिरं, अंजनेरीचा पावसाळा आणि दिवाळीच्या सुटीतली पोरं, एवढं सगळं झाल्यावर हे लिहितोय.

४० वॅटची जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास ओढते. म्हणजे १८ ट्यूब पाच तास चालल्या की साडेचार युनिट; पट्ट्यांना १.८ लागतात. बिल उतरलं, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते इन्व्हर्टरचं. मेमध्ये वळवाचा पाऊस आला की लाइट जाते. पूर्वी मुलांची ताटं धुऊन होईपर्यंत बॅटरी बसायची. यंदा त्याच बॅटरीवर जेवणं निवांत उरकली आणि संडासाकडचे दिवे पहाटेपर्यंत चालले. रात्री दोनला उठलेलं आठ वर्षांचं पोर आता अंधारात चाचपडत जात नाही.

चूक झाली ती रंगात. आम्ही सगळीकडे ६५०० केल्विनचे पांढरे दिवे आणले. तंबूंचं मैदान पेट्रोल पंपासारखं दिसायला लागलं, किडेही फार यायचे. मग मैदानात आणि झोपायच्या खोल्यांत ३००० केल्विनचे पिवळे लावले, मैदानातल्या दिव्यांना वरून झाकणं बसवली. त्या रात्री मुलांनी मैदानातूनच सप्तर्षी ओळखले. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा मात्र मावशींनी दोन दिवसांत काढायला लावला. "अरे, तांदळातला खडा दिसेना मला," म्हणाल्या. तिथे पांढराच हवा.

दोन बल्ब बटण बंद करूनही मिणमिणत राहायचे. आधी वाटलं माल खराब. वायरमनने टेस्टर लावला तेव्हा कळलं, बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर नसून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर होतं. म्हणजे बटण बंद, तरी होल्डरमध्ये फेज जिवंत! इतकी वर्षं आम्ही त्याच होल्डरमध्ये हात घालून बल्ब बदलत होतो, आणि शेजारी मुलं उभी असायची. सगळी बटणं तपासून घेतली. जुन्या वायरिंगवर एलईडी लावणाऱ्यांनी हे आधी बघाच.

ऑगस्टपर्यंत तीन बल्ब गेले. बिल जपून ठेवलं होतं म्हणून दुकानातून बदलून मिळाले. बाहेरच्या एका बंद फिटिंगमध्ये पाणी साचलं, पण तो दोष आमचा. वायर वरून आत घेतली होती, पाणी तिच्यावरूनच उतरलं. आता वायर खाली झोल देऊन खालच्या बाजूने आत घेतलीय. परतीच्या पावसात फिटिंग कोरडी राहिली.

उतरवलेल्या ट्यूब आणि सीएफएल खोक्यांत घालून माळ्यावर ठेवलेत. त्यांत पारा असतो, म्हणून भंगारवाल्याला दिले नाहीत. ई-कचरा घेणाऱ्यांशी बोलणं झालंय, पुढच्या रविवारी गाडीतून पोचवतोय.