कटऑफ कुठे ठेवायचा: मीडियन, ‘सर्वोत्तम’ बिंदू की स्प्लाइन?

प्रबंधासाठी रुग्णांचा डेटा जमला आहे, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा मार्कर) किंवा सीआरपीचे (रक्तातला सूज दाखवणारा मार्कर) आकडे हाताशी आहेत आणि गाईडना कॅप्लन-मायरच्या (काळानुसार किती रुग्ण जिवंत राहिले ते दाखवणाऱ्या) दोन रेषा हव्या आहेत. मग रुग्णांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे गट पाडायचे कुठे?

मीडियनची (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीची) एक गोष्ट चांगली: कोण किती जगलं हे न बघता रेघ पडते. पण आकडे नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाचे असतील, तर मीडियनवर दोन तुकडे पाडणं म्हणजे जवळपास एक-तृतीयांश रुग्णांचा डेटा फेकून देणं. शिवाय दुसऱ्या हॉस्पिटलात मीडियन बदलतो.

खरा धोका ‘सर्वोत्तम कटऑफ’चा. यात प्रत्येक संभाव्य बिंदूवर लॉग-रँक चाचणी (दोन गटांच्या जगण्याची तुलना) करून सर्वांत लहान पी-व्हॅल्यूचा (खरा फरक नसतानाही इतका फरक दिसण्याची शक्यता) बिंदू उचलतात. अशाने खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते, हे संख्याशास्त्रज्ञ डग्लस अल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवलं. स्तनाच्या कर्करोगात एस-फेज फ्रॅक्शनसाठी (डीएनए दुप्पट करत असलेल्या पेशींचं प्रमाण) तेव्हा १९ वेगवेगळे कटऑफ वापरात होते! आजही आर (R) या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या सर्व्हमायनर पॅकेजने कटऑफ शोधतात आणि त्याच गटांचा आलेख काढतात. आलेखावर छापून येते ती साधी लॉग-रँकची पी-व्हॅल्यू. त्याआधीच्या शोधाशोधीचा हिशेब तिच्यात नसतो. दोन्ही टोकांचे १०-१० टक्के रुग्ण सोडून शोध घेतला असेल, तर अल्टमन यांच्या सूत्राने ०.०१ या पी-व्हॅल्यूचे सुमारे ०.१६ होतात. मॅक्सस्टॅट पॅकेज अशी दुरुस्त पी-व्हॅल्यू देतं. हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या जोखमीचं गुणोत्तर) मात्र फुगलेलाच राहतो, म्हणून हा मार्ग घ्यायचाच असेल तर तपासायला वेगळे रुग्ण हवेत.

आरओसी वक्र आणि त्यावरून कटऑफ निवडणारा यूडेन निर्देशांक इथे टाळाच. साधा आरओसी मधेच फॉलोअप तुटलेल्या रुग्णांना सामावून घेत नाही.

माझं मत स्प्लाइनच्या, म्हणजे गट न पाडता सलग वळणारी रेषा बसवण्याच्या, बाजूने आहे. प्रोस्टेट कर्करोगाच्या प्रचलित जोखीम-गटांत पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) १०.१ आणि १९.९ एकाच खान्यात बसतात, ९.९ मात्र वेगळ्या. शरीरात अशी पायरी नसते. कॉक्स मॉडेलमध्ये (एखाद्या घटकाने जोखीम किती बदलते ते मोजणारं मॉडेल) तीन ते पाच नॉट्सचा (रेषेचे तुकडे जोडणारे बिंदू) रिस्ट्रिक्टेड क्युबिक स्प्लाइन घातला की जोखीम कशी चढते ते सरळ दिसतं. घटना (मृत्यू वगैरे) मोजक्याच असतील तर तीन नॉट्सच ठेवा.

मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवून दिलेला कटऑफ असेल तर खुशाल तोच घ्या, डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. आणि गाईडना रेषा हव्याच असतील, तर कॉक्स मॉडेलमधूनच २५, ५० आणि ७५ व्या पर्सेंटाइलच्या रुग्णासाठी अंदाजित सर्व्हायव्हल रेषा काढून द्या.