गणित सोडवतं, पण मांडत नाही: गृहपाठाच्या अ‍ॅपचा दोन सत्रांचा अनुभव

मुलगी दहावीत आहे. गणित-विज्ञानातल्या अडलेल्या उदाहरणांचा फोटो काढला की उत्तर देणारं एक अ‍ॅप पहिल्या सत्रात घेतलं, आता दुसरं सत्र संपत आलंय. नव्याची नवलाई ओसरली, म्हणून आता लिहिते. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण याच जातीची आणखी दोन-तीन चाळून पाहिली आणि गुणदोष साधारण तेच निघाले.

समीकरण तयार असेल तर ते सोडवण्यात याचा हात कोणी धरणार नाही. अवयव, एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरण, सगळं पायरीपायरीने येतं. पायरीवर बोट टेकवलं की ती कशी आली हेही उलगडतं. वही शेजारी ठेवून ताडून पाहिलं की चिन्ह नेमकं कुठे निसटलं ते लगेच दिसतं. रात्री उशिरा, शिक्षकांना फोन करायची सोय नसते तेव्हा, एवढंही पुष्कळ वाटतं. एक खोड मात्र आहे. प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असं स्पष्ट लिहिलेलं असूनही हे आधी सूत्रच लावतं. पद्धत बदलायचं बटण आहे, पण ते शोधून काढावं लागतं.

फोटोचं म्हणाल तर छापील पान उत्तम वाचतं. हस्ताक्षराला अडखळतं, त्यातही मराठी ४ ला हमखास इंग्रजी आठ समजतं. म्हणून उत्तराआधी त्याने प्रश्न काय वाचलाय ते बघायचं.

खरी गोम शाब्दिक उदाहरणांत आहे. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ ने जास्त, क्षेत्रफळ ४०, तर रुंदी किती? यात कठीण भाग आहे तो रुंदीला क्ष मानून समीकरण उभं करण्याचा. कॅमेऱ्याचा भाग इथे गप्प बसतो. समीकरण आपणच मांडून दिलं तर क्षणात दोन उत्तरं हातात ठेवतो, ५ आणि −८. रुंदी ऋण असत नाही, तेव्हा −८ सोडून द्यायचं, हे तो सांगत नाही. त्याच्या लेखी क्ष हा नुसता क्ष आहे, त्यामागचा आयत त्याला ठाऊकच नाही. भूमितीत तर जास्तच जपावं लागतं. एका आकृतीत कोन काटकोनासारखा दिसत होता, काटकोनाची खूण नव्हती. अ‍ॅपने बेधडक पायथागोरस लावला.

विज्ञानात प्रकाशाच्या धड्याने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू ३० सेमीवर. पुस्तकाच्या कार्टेशियन चिन्हसंकेताने (कोणतं अंतर धन, कोणतं ऋण धरायचं याचा नियम) प्रतिमेचं अंतर −१५ सेमी येतं. अ‍ॅपने +१५ दिलं. प्रतिमा दोन्हीकडे एकाच जागी, आरशासमोर १५ सेमीवर. अ‍ॅपने वास्तव अंतरं धन मानणारा दुसरा संकेत घेतला होता, तोही चुकीचा नाही. पण परीक्षेत उणे चिन्हाला गुण असतात, आणि कोणता संकेत वापरला हे अ‍ॅपने कुठेच लिहिलं नव्हतं. रासायनिक समीकरणं संतुलित करायला मात्र छान. लोखंड आणि वाफेचं समीकरण ३, ४, १, ४ हे सहगुणक देऊन लगेच जुळवून देतं. वाफेऐवजी थंड पाणी लिहिलं असतं तरी तितक्याच उत्साहाने जुळवलं असतं, कारण अभिक्रिया खरंच होते का हे बघणं त्याच्या कामात बसत नाही.

आता त्यात गप्पा मारून शिकवणारा एआयचा भागही आहे. तो शाब्दिक उदाहरणं मांडतो, बऱ्याचदा नीट मांडतो. मग एखाद्या दिवशी असं करतो: ताशी ७२ किमी वेगाची गाडी एकसमान मंदनाने १० सेकंदांत थांबते, अंतर काढा. त्याने ७२ तसेच घेतले आणि ३६० मीटर उत्तर दिलं. आधी ७२ चे सेकंदाला २० मीटर करायला हवे होते, मग उत्तर १०० मीटर. चूक दाखवली तर नम्रपणे माफी मागितली. पोरगी वस्ताद, तिने पुढच्या वेळी बरोबर उत्तराला मुद्दाम ‘चूक’ म्हटलं. तेव्हाही त्याने तितक्याच नम्रपणे माफी मागितली!

आमच्याकडे आता ठरलंय की समीकरण आधी वहीत उतरवायचं. तिथेच गाडी अडली तर एआयला ‘उत्तर देऊ नकोस, फक्त पहिली पायरी सुचव’ असं सांगायचं. हे तो ऐकतो, आणि त्याचा सगळ्यात चांगला उपयोग मला हाच वाटतो. उत्तर आल्यावर ताळा करायचा आणि एककं बघायची. कॅमेरा वही तपासण्यापुरता.

सदस्यत्वाची मुदत परीक्षेनंतर संपते. पुढे वाढवणार नाही. फोटो काढून पायऱ्या दाखवण्याचा भाग मोफत आहे आणि आम्ही जास्त वापरला तोच. पैसे भरून मिळणारे धड्यांचे व्हिडिओ तर तिने उघडलेही नाहीत.