बाईकची कामं: घरी, चौकातल्या गॅरेजात की शोरूमला?

बाईकची सर्व्हिसिंग घरी करावी का, असं विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेकदा पैसे असतात. ते गणित मी करून पाहिलंय, फारसं हाती लागत नाही. ऑइल कुठेही विकतच घ्यायचं आणि चौकातल्या गॅरेजात ते बदलायची मजुरी ऑइलच्या किमतीपुढे किरकोळ. वर घरी करायचं तर 8 पासून 17 पर्यंतचे पाने, टी-पाना, बरा स्टार स्क्रूड्रायव्हर हे आधी घ्यावं लागतं. म्हणून मी प्रत्येक कामाला दुसराच प्रश्न विचारतो: माझ्या हातून हे चुकलं, तर ते कळणार कुठे? पार्किंगमध्ये की कात्रजच्या उतारावर?

माझी गाडी जुनी, कार्बुरेटरवाली स्प्लेंडर. पाना हातात धरायचीही सवय नव्हती तेव्हापासून तिच्यावर शिकतोय, त्यामुळे खालचं बरंचसं 100 ते 125 सीसीच्या गाड्यांना लागू पडेल.

चेनपासून सुरुवात करतो, कारण इथे घर सरळ जिंकतं. साधारण दर 500 किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहूनही लवकर चेनला ऑइल लागतं. एवढ्यासाठी कोणी गॅरेजात जात नाही, म्हणून बहुतेकांच्या चेनी कोरड्याच फिरतात. शोरूमच्या बिलात 'चेन ल्यूब' अशी ओळ असते. एकदा बिल खिशात घालून मी चेनकव्हरचं रबरी बूच काढलं आणि आत बोट घातलं, तर बोटाला लागली ती नुसती लाल माती. तेव्हापासून हे काम माझं. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हातानं फिरवत 90 नंबरचं गिअर ऑइल सोडायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे दिसतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्यामागून बोटं जातात. ते कधीही करू नका. धुवायला रॉकेल किंवा डिझेल घ्या, पेट्रोल नको.

चेन ताणणं मात्र वेगळं काम. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या यायला हव्यात, मागच्या चाकाचा मुख्य नट पुन्हा पक्का बसायला हवा आणि चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकही परत लावून घ्यावा लागतो. चेन खालवर किती हलायला हवी, तो मिलिमीटरचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पहिल्या दोन वेळा हे गॅरेजवाल्याशेजारी उभं राहून बघा. शोरूममध्ये गाडी आत जाते आणि आपण काचेबाहेर बसतो; चौकातल्या गॅरेजात मात्र स्टुलावर बसून प्रश्न विचारता येतात. नवशिक्याला याचा उपयोग मजुरीतल्या फरकाहून जास्त.

ऑइल बदलणं घरी जमतं, आणि माझी सर्वांत महागडी चूकही त्यातच झाली. क्रम सोपा आहे. गाडी पाचेक मिनिटं फिरवून आणायची, खाली जुनं घमेलं ठेवायचं, इंजिनाखालचा ऑइल काढायचा बोल्ट, म्हणजे ड्रेन बोल्ट, सोडायचा, ऑइल निथळू द्यायचं, वॉशर बघून बोल्ट परत लावायचा. मी तो लावला आणि मनाच्या समाधानासाठी पान्याला पाइप अडकवून अजून अर्धा वेढा दिला. हाताला एकदम सैल लागलं. बोल्ट पोलादाचा, इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे आटे गेले ते बॉडीचे. गाडी ढकलत गॅरेजात नेली. "साहेब, गळत नव्हतं ना? मग आवळलं कशाला?" एवढंच विचारून त्यानं मोठे आटे पाडायच्या तयारीला सुरुवात केली. मजुरी वाचवायला गेलो आणि तिच्या कितीतरी पट देऊन आलो. पण चूक घमेल्यासमोरच कळली, म्हणून हे काम मी सोडलं नाही.

यात अजून दोन खाचाखोचा आहेत. ऑइल बाईकचंच घ्या, डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए 2' हा बाईकच्या ऑइलचा दर्जा लिहिलेलं. बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. दुसरं म्हणजे स्प्लेंडरची ऑइल मोजायची दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आवळून बघितली तर ती जास्त खोल जाते, पातळी भरलेली दिसते आणि आत ऑइल कमी राहतं. जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते पिंपानं उचललं जातं. गटारात नको.

प्लग, फ्यूज, बॅटरीची टर्मिनल, क्लच केबलचा ढिलेपणा ही कामं डोळे मिटून घरची. बटण दाबल्यावर नुसती टकटक झाली तर बॅटरी बदलायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड बघा. सोडताना वजा (–) टर्मिनल आधी, लावताना शेवटी. प्लग बसवताना पहिले काही वेढे बोटांनीच द्या, पाना नंतर. कारण वरचंच: प्लग बसतो ते इंजिनाचं हेडही ॲल्युमिनियमचंच. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो, तेलकट कागदाचा असेल तर हवा न मारता सरळ बदलायचा.

ब्रेकपाशी माझा कल उलटा होतो. मागच्या ड्रम ब्रेकचा नट फिरवून पायाखालचा ढिलेपणा कमी करणं ठीक आहे. चाक मोकळं फिरतंय एवढं बघा. डिस्कचे पॅड बदलणं दिसायला त्याहून सोपं, दोन-तीन बोल्टचं काम. पण नवे पॅड घालताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असतो. लिव्हर पाच-सात वेळा दाबून तो पुढे आणला नाही, तर पहिल्यांदा दाबल्यावर ब्रेक लागतच नाही, आणि ते कळतं रस्त्यावर. ब्रेक ऑइल बदलताना पाइपात हवा राहिली तरी तेच. हे काम गॅरेजला द्या. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर शोरूमला. टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत लावायचं असतं, क्लच प्लेटसाठी इंजिनाचं कव्हर उघडावं लागतं, तेही गॅरेजलाच.

एबीएस सोडलं तर शोरूमला जायची खरी कारणं मला दोनच वाटतात. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसच्या नोंदी वेळेवर झालेल्या हव्यात. तिथे हात घालून भांडण ओढवून घेऊ नका. दुसरं म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या. त्यात बहुतेक ठिकाणी कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलंय. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर स्क्रू फिरवून काही होत नाही, स्कॅनर लागतो. चौकातल्या काही गॅरेजवाल्यांनी तो घेतलाय, गाडी सोडण्यापूर्वी विचारून घ्या. शोरूमला दिलीच तर जॉब कार्डवर सही करण्याआधी इंजिन फ्लश, कोटिंग असल्या जादा ओळी खोडायला सांगा.

सुटे भाग चौकात बदलायचे असतील तर पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं आणि जुना पार्ट मागून घ्यायचा. पुण्यात असाल तर नाना पेठेतून स्वतः आणून दिलेलं उत्तम. गॅरेजवाला थोडं तोंड वाकडं करतो, पण लावून देतो.

आणि पहिल्यांदा पाना हातात घ्याल तो शनिवारी सकाळी. आमच्या भागातली बरीच गॅरेजं रविवारी दुपारनंतर शटर ओढतात. ड्रेन बोल्ट हातात धरून सोमवारी ऑफिसला रिक्षानं कसं जायचं, याचा हिशेब मी एकदा केलाय.