आरोग्य शिक्षणाची पदवी: सोळा महिन्यांनंतर

पंचवटीतल्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं काउंटरवर होते. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या कशा घ्यायच्या ते पेशंटला समजावून द्यायचं. हे शेवटचं काम मला फार आवडायचं. त्याच ओढीनं आरोग्य शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दूरशिक्षण, शनिवार-रविवारी संपर्कवर्ग, बाकी दिवस नोकरी. तीन सत्रं झाली, चौथं चालू आहे. प्रवेशाआधी मी खूप शोधलं, पण शिकणाऱ्याच्या तोंडून फारसं काही मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं सत्र जड गेलं. माझं बीए मराठी माध्यमातलं आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. भारतातल्या आरोग्यसेवेवरचा १९४६ चा भोर समितीचा अहवाल, प्राथमिक आरोग्यसेवेची १९७८ ची अल्मा-आटाची घोषणा, आरोग्य संवर्धनाची १९८६ ची ओटावा सनद, सगळं पाठ करून लिहिलं. त्यातलं फारसं आत उतरलं नव्हतं. संख्याशास्त्र तर दोन रविवारांत उरकलं गेलं. आम्ही चौघीजणी सातपूरला एकीच्या घरी बसून तो विषय पुन्हा पहिल्यापासून शिकलो, तेव्हा कुठे पास झालो.

दुसऱ्या सत्रात मात्र एक प्रकरण आलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून देत होते, गाडी थेट वस्तीत यायची, तरी पुष्कळ लोक यायचेच नाहीत. असं का होतं, याचा शोध घेताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. हा आजार मला होऊ शकतो असं माणसाला वाटतं का, झाला तर तो किती गंभीर वाटतो, उपाय केल्याचा फायदा दिसतो का, आणि वाटेत अडथळे कोणते. ‘आज जाऊच’ असं वाटायला लावणारं निमित्त आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास, हेही त्यात मोजतात. वाचताना दवाखान्यातले कितीतरी चेहरे आठवले. गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्यांना मी रागावायचे. का सोडल्या, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या सत्रातलं क्षेत्रकार्य दिंडोरीकडे मिळालं. ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षबागांवर पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात, त्यातल्या गरोदर बायांसाठी अ‍ॅनिमियावर सत्र घ्यायचं होतं. मी हौसेनं तक्ता केला. पालक, बीट, खजूर, डाळिंब, सगळी रंगीत चित्रं. बाया शांतपणे बघत होत्या. शेवटी एकजण म्हणाली, “ताई, गोळ्या तर सिस्टर देतातच. पण त्यानं शौचाला काळी होते. आतून काही बिघडलं असणार.” दुसरीच्या सासूचं म्हणणं होतं की या गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. बहुतेकजणी गोळी सकाळी निघतानाच्या चहाबरोबर घेत होत्या, कारण दिवसभर बागेत कुठे लक्षात राहणार?

तो तक्ता मी त्या दिवशी गुंडाळून ठेवला. पुढच्या भेटीत चारच गोष्टी बोलले. लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होणं नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहानं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून गोळी रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या, त्याच जेवणात लिंबू पिळा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि या गोळ्या गरोदरपणात रोज एक, निदान १८० दिवस घ्यायच्या आहेत. ज्यांना मळमळत होतं त्यांना सिस्टरकडे घेऊन गेले, औषध बदलायचं की नाही हे ठरवणं आपलं काम नाही. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, त्यामुळे अ‍ॅनिमिया म्हणजे फक्त लोहाची कमतरता असं सरसकट सांगून चालत नाही, रक्त तपासून घ्यायला सांगावंच लागतं. सासूबाईंनाही बोलावलं होतं. त्यांच्याशिवाय हे सत्र घेण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक सवय याच अभ्यासानं लावली. ‘समजलं का?’ असं मी आता विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. “घरी हे कसं सांगाल, मला सांगा बघू,” असं म्हणते. ओआरएसच्या वेळी एकीला करून दाखवायला सांगितलं, तर तिनं अख्खं पाकीट एका पेल्यात ओतलं. पाकिटाला एक लिटर पाणी लागतं, हे मी दोनदा सांगून झालं होतं. मग तिच्याच घरातली लिटरची रिकामी बाटली घेतली, पाकीट तिच्याच हातानं त्यात मिसळवलं. आता दवाखान्यातही हेच करते. पेशंटमागे तीन-चार मिनिटं जास्त जातात, डॉक्टरांनी ती मान्य केली आहेत.

तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. क्षेत्रकार्याचे तास फार थोडे. वहीवर सही झाली की तास झाले, असंही काही ठिकाणी चालतं, हे मी पाहिलंय. ज्यांनी तसं केलं त्यांच्या हाती फक्त पाठांतर राहिलं आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, कारण फी त्यांनीही तेवढीच भरली होती. प्रवेश घेताना माहितीपत्रकातल्या इमारतीचे फोटो सोडा. क्षेत्रकार्य किती दिवसांचं, कुठे असतं आणि मार्गदर्शक स्वतः सोबत येतात का, हे विचारा. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला.

नोकरीबद्दल बरेचजण विचारतात. पदवी मिळाली की जागा तयार, असं नाही. समुपदेशक, विस्तार व माध्यम अधिकारी, आरोग्य प्रकल्पातले समन्वयक अशा पदांच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेच्या ओळी नीट वाचा. काही ठिकाणी समाजकार्याची पदवी मागतात, काही ठिकाणी नर्सिंगची. आपली पदवी कुठे चालते, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

चौथ्या सत्राचा प्रबंध मी याच बायांवर घेतलाय: गोळ्या किती जणींनी पूर्ण घेतल्या आणि मध्येच सोडणाऱ्यांनी का सोडल्या. द्राक्षाची तोड संपली की मार्च-एप्रिलमध्ये ही कुटुंबं गावी परततात, म्हणून मुलाखती त्याआधी उरकायच्या आहेत. रविवारी सकाळच्या एसटीनं निघते, संध्याकाळी परत. दोघीजणींची बाळंतपणं जवळ आली आहेत, त्यांच्याकडे आधी जायचंय.