ऑटोरन्स: फुकट आहे, भारी आहे, पण सगळ्यांच्या हातात द्यायचं नाही

कॉम्प्युटर चालू केला की नको ते प्रोग्रॅम आपोआप उघडतात, ते बंद कसे करायचे असं कुणीही विचारलं की पहिलं उत्तर टास्क मॅनेजर, आणि ते बरोबरच आहे. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबायचं, स्टार्टअप ॲप्सवर जायचं, नको त्यावर राइट क्लिक करून डिसेबल, झालं काम. विंडोज 8 पासून ही सोय तिथे आहे, त्याआधी रनमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करायला लागायचं. विंडोज 10 आणि 11 मध्ये सेटिंग्जच्या ॲप्समध्ये पण स्टार्टअपचं पान आहे, तिथे नुसती बटणं सरकवायची, आईबाबांना फोनवर सांगायला तेच सोपं पडतं.

मग ऑटोरन्स, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप काय काय चालू होतं ते दाखवणारं टूल, ते कशाला? तर काही प्रोग्रॅम असे असतात की टास्क मॅनेजरच्या यादीत नावच नाही पण विंडोज चालू झालं की हजर. आमच्या एका नातेवाइकांकडे असंच होतं, लॅपटॉप लावला की थोड्या वेळाने कोपऱ्यात पॉपअप, शाई संपत आलीय नवीन मागवा. आता गंमत अशी की तो प्रिंटर कधीच भंगारात गेलेला, घरात प्रिंटरच नाही! कंट्रोल पॅनेलमधून त्याचं मुख्य सॉफ्टवेअर काढलेलं, टास्क मॅनेजर स्वच्छ, तरी पॉपअप येतोय. ऑटोरन्स उघडून शेड्यूल्ड टास्क्सच्या टॅबवर गेलो तर तिथे बसलेला होता, पब्लिशरच्या खान्यात प्रिंटर कंपनीचं नाव, शेजारी फाइलचा सगळा पत्ता. टिक काढली, रीस्टार्ट मारला, पॉपअप गायब. मामी म्हणाल्या, एवढंच होतं का रे.

तर हे ऑटोरन्स म्हणजे सिसइंटर्नल्स नावाच्या विंडोज टूल्सच्या संचातलं एक. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी हे चालू केलं, 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली आणि तेव्हापासून ही सगळी टूल्स मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतात. फुकट म्हणजे खरंच फुकट, ट्रायल नाही, जाहिरात नाही, ईमेल मागत नाही. झिप उतरवायची, उघडायची, आत ऑटोरन्स 64 नावाची फाइल असते तिच्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. इन्स्टॉल करायची भानगड नाही, पेनड्राइव्हवर टाकून कुठेही न्या. फक्त एक, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवरून घेऊ नका, तिथे झिपबरोबर आणखी काय काय गळ्यात पडेल सांगता येत नाही.

उघडल्यावर पहिल्यांदा छातीत धस्स होतं हे मान्य करायला पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये दहापंधरा नावं असतात आणि इथे स्क्रोल करून करून बोट दुखतं. लॉगऑन, एक्सप्लोरर, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, प्रिंट मॉनिटर्स, विनसॉक, डब्ल्यूएमआय, नुसते टॅबच टॅब. कारण विंडोजमध्ये आपोआप चालू होण्याच्या जागाच इतक्या आहेत, रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) रन नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा, आणि स्टार्टअप फोल्डर ह्या आपल्याला माहीत असलेल्या दोन, बाकीच्या कंपन्यांना माहीत असतात. आणि ऑटोरन्स चांगलं वाईट काही सांगत नाही, नुसती यादी समोर ओततं. तुमचं तुम्ही निवडा.

म्हणून पहिलं काम, ऑप्शन्समध्ये जाऊन हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीजला टिक. यादी झपकन आक्रसते आणि राहतं ते बाहेरून आलेलं. मग रंग बघायचे. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, बहुतेक वेळा जुनं सॉफ्टवेअर काढलं पण त्याचं शेपूट राहिलं. गुलाबीसर लाल ओळ म्हणजे पब्लिशरची माहिती नाही किंवा डिजिटल सही तपासून जुळली नाही. आता लाल दिसलं म्हणजे लगेच व्हायरस असं नाही हां, छोट्या कंपन्यांची कितीतरी सरळमार्गी सॉफ्टवेअर सहीशिवायच असतात, आपल्याकडची मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर बघा ना. पण नजर आधी तिथे टाकायची. शंका आली तर व्हायरसटोटलची (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासणारी साइट) सोय आतच आहे, ते चालू केलं की फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळखीचा आकडा, पाठवून किती अँटीव्हायरसनी तिला वाईट म्हटलं ते आकड्यात दाखवतं. सत्तरातल्या एखाद्यानेच बोंब मारली असेल तर बहुधा उगाचच असते, दहावीस जण ओरडत असतील तर मात्र बसून बघायला पाहिजे. फाइल स्वतः अपलोड होत नाही, ते वेगळं ऑप्शन आहे आणि ऑफिसच्या मशीनवर ते चालू करू नये असं माझं मत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टिक काढणं आणि डिलीट करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिक काढली की नोंद बाजूला ठेवली जाते, रजिस्ट्रीतली असेल तर ऑटोरन्सडिसेबल्ड नावाच्या वेगळ्या कीमध्ये जाते, परत टिक केली की जागेवर. डिलीट केलं की गेलं. त्यामुळे आठवडाभर तरी नुसती टिक काढून ठेवा, काही बिघडलं नाही तर मग पिवळ्या ओळी बिनधास्त डिलीट करा. आणि एक, टास्क मॅनेजरमधून डिसेबल केलेलं विंडोज वेगळ्याच ठिकाणी नोंदवतं, त्यामुळे एकच प्रोग्रॅम थोडा इथून थोडा तिथून असं करू नका, नंतर चालू करायचा झाला की कुठून बंद केला होता ह्यात तास जातो.

आता ज्यांच्याकडे हे द्यायचं नाही त्यांच्याबद्दल. यादी दिसली की ज्यांचे हात शिवशिवतात, ओळखीचं नाव नाही ना मग उडवा, अशांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये. लॉगऑनच्या टॅबमध्ये युजरइनिट असतं, ते घालवलं तर लॉगिनच नीट होणार नाही. ड्रायव्हर्समध्ये डिस्कचा ड्रायव्हर बंद केला तर विंडोज उठणारच नाही. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज लपवल्या की यातला बराच धोका टळतो पण सगळा नाही, डिस्क आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर दुसऱ्या कंपन्यांचे पण असतात. ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये फक्त बघायचं, हात लावायचा नाही, आणि लावायचाच असेल तर आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायची सोय) करून.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांसाठी हे आणखी महत्त्वाचं. कर सल्लागाराच्या पीसीवर डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची युटिलिटी स्टार्टअपला असते, नाव कुठल्या तरी परदेशी कंपनीचं, दिसायला अगदी फालतू वाटतं, ती बंद केली आणि सही करताना पोर्टलवर सर्टिफिकेट दिसेना झालं की जीएसटीच्या शेवटच्या तारखेला कुणाला फोन करणार. तेच ई-सेवा केंद्रात, अंगठा घ्यायच्या मशीनची आरडी सर्व्हिस असते ती सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये दिसते, ती बंद तर आधारचा अंगठा बंद, बाहेर रांग. म्हणजे नावावर जायचं नाही, ओळीवर क्लिक करून खाली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते वाचायचं, राइट क्लिकमध्ये जंप टू इमेज आहे, ते थेट त्या फोल्डरमध्येच नेऊन सोडतं. फोल्डर बघितला की निम्म्याहून जास्त कोडी सुटतात.

काय बंद करायचं ह्याचा माझा हिशेब साधा आहे. गाणी, गेम, चॅट, मीटिंगवाले सगळे आधी त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधून बंद करा, स्पॉटिफाय, स्टीम, डिस्कॉर्ड सगळ्यांत ते ऑप्शन आहे, तिथून केलं की अपडेटनंतर परत उगवायची शक्यता कमी. ब्राउझर खिडकी बंद केली तरी मागे चालू राहतात तेही त्यांच्याच सेटिंगमध्ये, क्रोममध्ये बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवायचं बटण सिस्टीमखाली आहे आणि एजमध्ये स्टार्टअप बूस्ट. ब्राउझरचे अपडेटर मात्र राहू द्या, दोन सेकंद वाचवायला सुरक्षेचे अपडेट अडवण्यात काय शहाणपणा. ऑटोरन्सला हात घालायचा तो फक्त ह्यातून निसटलेल्यांसाठी.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप इम्पॅक्ट म्हणून एक खाना असतो त्यावर लोक फार विसंबतात, हाय दिसलं की घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की चालू होताना त्या प्रोग्रॅमने एक सेकंदापेक्षा जास्त सीपीयू खाल्ला किंवा 3 एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरली. आजच्या मशीनला 3 एमबी म्हणजे काहीच नाही. ऑटोरन्समध्ये असलं काही मोजमाप नाही, कोण किती वेळ खातो ते हे टूल सांगत नाही आणि ही त्याची खरी उणीव. कोण आहे ते कळतं, किती जड आहे ते कळत नाही, त्यासाठी परत टास्क मॅनेजरच.

सर्व्हिस किंवा ड्रायव्हरची टिक काढल्यावर शट डाउन करून परत चालू करू नका, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवतात, खरा बंद होत नाही, आणि मग आपण म्हणतो अरे काहीच फरक नाही पडला.

दिसायला टूल जुनाटच आहे, 2021 ला 14 नंबरचं व्हर्जन आलं तेव्हा डार्क थीम मिळाली पण अक्षरं बारीक ती बारीकच, आणि सगळं इंग्रजीत. चुकीच्या ओळीवर टिक काढली तर हे बंद केलं तर काय होईल असं सांगत नाही. पण पैसे घेऊन पीसी फास्ट करून देतो म्हणणारी जी सॉफ्टवेअर असतात त्यांच्यापेक्षा हे कधीही बरं, ती स्वतःच स्टार्टअपला जाऊन बसतात आणि रोज सकाळी तीनशे प्रॉब्लेम सापडले म्हणून ओरडतात.

आणि फार अपेक्षा ठेवू नका. जुन्या हार्ड डिस्कचा, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर यादी कितीही साफ करा, थोडा हलका होईल, पळणार नाही. तिथे एसएसडी टाकायचे पैसे खर्च करा, मग ऑटोरन्सची गरज पण कदाचित पडणार नाही. मशीन बऱ्यापैकी असून एखादं भूत दर वेळी उठत असेल तर मात्र ह्याच्याइतकं सरळ दाखवणारं दुसरं मला माहीत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो मोजमाप नाही म्हणून. घरच्यांच्या मशीनवर कायमचं ठेवू नका, काम झालं की झिप उचलून आपल्या पेनड्राइव्हवर परत.